एअर रायफलचे पेलेट तोलून निवडण्यात अर्थ आहे का? (आणि घरी काडतूस भरण्याबद्दल एक भाबडा प्रश्न)

जुळे_सोलापूरकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मुलगी नववीत आहे, दहा मीटर एअर रायफल खेळते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये राधानगरीकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसात ५० मीटर थ्री पोझिशनचं ब्राँझ घेतलं, आणि त्यानंतर गावोगावच्या रेंजवर पालकांची जी रीघ लागली त्यात मीही सामील झालो. बंदुकीतलं आधी काही कळत नव्हतं. आता रात्री घर झोपलं की मोबाइलवर व्हिडिओ बघत बसतो.

त्यातून एक नवीनच जग कळलं. अमेरिकेत लोक घरच्या गॅरेजमध्ये बसून स्वतःची काडतुसं स्वतः भरतात. दारू ग्रेनच्या (वजनाचं बारीक माप, एका पौंडात ७०००) दहाव्या हिश्शापर्यंत तोलायची, गोळी पुंगळीत किती खोल बसली ते कॅलिपरने बघायचं, आणि मग शंभर यार्डांवर पाच गोळ्या जवळजवळ एकाच भोकातून. बघून थक्क झालो.

तर प्रश्न दोन. एक, हे आपल्याकडे कायद्याने करता येतं का? दुसरा, नसेल येत तर एअर रायफलच्या पेलेटला, म्हणजे शिशाच्या छर्ऱ्याला, हीच शिस्त लावली तर? मी ऑनलाइन एक काटा मागवलाय, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवतो. एकाच डब्यातले बरेच पेलेट ०.५३ दाखवतात, काही ०.५४, मधूनच एखादा ०.५२. तिन्ही वेगळे करून ठेवलेत. लेकीचा स्कोअर ६० शॉट्सना ६०४ ते ६०८ मध्ये अडकलाय. पेलेट निवडून तो हलेल का? की बायको म्हणते तसं मी नुसता जागरणं करतोय?

कलम_पाच

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात: नाही. शस्त्र अधिनियम १९५९, कलम ५. परवान्याशिवाय शस्त्र किंवा दारूगोळा तयार करणं गुन्हा आहे. तुमच्याकडे रायफलचा वैध परवाना असला तरी तो रायफल बाळगण्याचा आणि काडतुसं विकत घेण्याचा असतो, ती बनवण्याचा नसतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या कलमाच्या उल्लंघनाला किमान ७ वर्षांची शिक्षा आहे, वर जन्मठेपेपर्यंत. "छंद म्हणून केलं साहेब" हा बचाव कोर्टात टिकत नाही.

एअर रायफलची गोष्ट वेगळी. ४.५ मिमीची, २० ज्यूलच्या आतली एअर रायफल परवान्यातून मुक्त आहे. पेलेट तोला, धुवा, पूजा करा, कोणी विचारणार नाही.

तात्या_ऑस्टिन

जन्म सोलापुरात सात रस्त्याजवळचा, सध्या मुक्काम टेक्सास. इथे हे कायदेशीर आहे आणि मी गेली बरीच वर्षं करतो, म्हणून लिहितो. दारूचे आकडे, कुठली दारू किती, हे मात्र कृपया विचारू नका. एका रायफलला चाललेलं प्रमाण दुसरीत चेंबर (नळीत काडतूस बसतं ती जागा) फोडू शकतं, आणि असले आकडे धाग्यावरून उचलायचे नसतात.

धागाकर्त्यांनी पाहिलं त्यामागचं तत्त्व तेवढं सांगतो. काडतुसात चार वस्तू असतात: पितळी पुंगळी, तिच्या बुडातली पेटणारी टोपी, आतली दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. कारखान्याला जगातल्या त्या मापाच्या प्रत्येक रायफलमध्ये जाईल असं काडतूस बनवायचं असतं, त्यामुळे तो सगळीकडे थोडी ढिलाई ठेवतो. घरी भरणाऱ्याला एकच रायफल सांभाळायची असते. एकदा उडवलेली पुंगळी फुगून आपल्या चेंबरच्या आकाराची झालेली असते. ती पुन्हा वापरताना आपण तिला मूळ मापावर पूर्ण आवळत नाही, चेंबरमध्ये सहज जाईल एवढीच मागे ढकलतो. मग गोळीवर पुंगळीच्या गळ्याची पकड दर वेळी सारखी हवी, गोळी सरळ बसलेली हवी आणि ती बॅरलच्या आट्यांपासून ठरावीक अंतरावर हवी. दारूचं वजन यानंतर येतं.

एवढं सगळं करून हातात काय पडतं? मुख्यतः वेगाचा सारखेपणा. शंभर यार्डांवर त्याचा फायदा फार दिसत नाही. हजार यार्डांवर दिसतो. तिथे .३०८ मापाच्या रायफलच्या दोन गोळ्यांच्या वेगात सेकंदाला १० मीटरचा फरक असेल तर लक्ष्यावर वर-खाली सुमारे फूटभर फरक पडतो. त्यामुळे लांब पल्ल्याचे लोक दारूच्या कणाकणावर भांडतात.

आता घरचा आहेर. आमच्यातले निम्मे विधी श्रद्धेवर चालतात. तीन-तीन गोळ्या झाडायच्या, एका प्रमाणाला छान गट (भोकांचा पुंजका) पडला की "सापडलं!" म्हणून वहीत लिहायचं. पुढच्या रविवारी त्याच प्रमाणाचा गट दुप्पट पडतो, मग वाऱ्याला शिव्या.

रेंजची_ताई

तात्यांना नमस्कार. मी .२२ खेळते, म्हणून त्यात एक भर घालते. ५० मीटरला जे .२२ लाँग रायफल काडतूस लागतं, ते अमेरिकेत राहूनसुद्धा घरी भरण्यासारखं नाही. त्याला वेगळी टोपी नसतेच. पेटणारा मसाला पुंगळीच्या काठात भरलेला असतो आणि पिन त्या काठावर आदळते. एकदा काठ चेपला की पुंगळी संपली. म्हणजे जगातला सर्वात श्रीमंत नेमबाज आणि मी, दोघांनाही कारखान्यातून आलेलं काडतूसच वापरायचं असतं. फरक फक्त निवडीचा.

ती निवड कशी होते बघा. प्रत्येक पेटीवर बॅच नंबर असतो. एकाच नावाच्या, एकाच किमतीच्या दोन बॅच एका रायफलमधून वेगळ्या पडतात. इंग्लंडात बर्मिंगहॅमला ईलीचा आणि जर्मनीत शोनेबेकला लापुआचा चाचणीचा बोगदा आहे. खेळाडू स्वतःची रायफल घेऊन जातात. लाकडी किंवा अ‍ॅल्युमिनियमचा दस्ता काढून बॅरल आणि अ‍ॅक्शन शिकंज्यात आवळतात, एकेका बॅचचे गट पाडतात, जी बॅच त्या बॅरलला मानवेल ती वर्षभरासाठी उचलतात. दुसऱ्याच्या रायफलला सोन्यासारखी गेलेली बॅच माझ्या रायफलमध्ये पसरते, हे मी स्वतः पाहिलंय.

एअर रायफलला हेच तत्त्व, फक्त स्वस्तात. मॅच पेलेट डोक्याच्या मापाने मिळतात: ४.४९, ४.५०, ४.५१ असे, शंभराव्या मिलिमीटरच्या टप्प्याने. दादा, तुम्ही वजनाच्या मागे लागण्याआधी ही मापं तपासलीत का?

जुळे_सोलापूरकर

नाही ताई. दुकानदाराने जे दिलं ते घेतलं. डब्यावर ४.५० लिहिलंय.

चिकित्सक_चिंटू

दादांच्या काट्यावर थोडी आकडेमोड करू. ०.०१ ग्रॅमचा काटा ०.५३ दाखवतो म्हणजे खरं वजन ०.५२५ ते ०.५३५ मध्ये कुठेही असू शकतं. ०.५३४ आणि ०.५३६ चे दोन पेलेट तुमच्या दोन वेगळ्या डब्यांत गेले, फरक फक्त २ मिलिग्रॅमचा. ०.५२६ आणि ०.५३४ चे एकाच डब्यात पडले, फरक ८ मिलिग्रॅमचा! म्हणजे सारखे वेगळे केले आणि वेगळे एकत्र. त्यातून स्वस्त काट्याचा शेवटचा आकडा पंख्याच्या वाऱ्यानेही हलतो. तोलायचंच असेल तर मिलिग्रॅमचा काटा हवा.

आता तोलून मिळतं काय? पेलेटचा वेग साधारण १७० मीटर प्रति सेकंद. दहा मीटर जायला ०.०५९ सेकंद लागतात, तेवढ्यात तो जवळपास १७ मिमी खाली येतो. वेग एक टक्क्याने बदलला तर हे पडणं दोन टक्क्यांनी बदलतं, म्हणजे ०.३५ मिमी. वजनात एक टक्का फरक असेल आणि बंदुकीची ऊर्जा तीच असेल तर वेगात अर्धाच टक्का फरक, म्हणजे ०.१७ मिमी. दहा मीटरच्या टार्गेटवर ०.१ गुण म्हणजे ०.२५ मिमी. थोडक्यात, वजनातला एक टक्का फरक हा एका दशांश गुणाएवढाही नाही.

निवृत्त_सुभेदार

सगळं वाचलं. छान आहे. पण माझं म्हणणं कडू आहे. ६०५ चा खेळाडू पेलेटमुळे ६०५ वर नसतो. त्याची पोझिशन हलते, श्वास उशिरा सुटतो, ट्रिगर ओढला जातो. पालक लोकांना खरेदी करता येते म्हणून ते खरेदीत उत्तर शोधतात. मुलीला रोज भिंतीसमोर उभं करा, छर्रा न घालता अर्धा तास कोरडा सराव. काट्याचे पैसे वाचतील.

चिकित्सक_चिंटू

सुभेदार साहेब, तुमचं बरोबर आहे, आणि किती बरोबर आहे ते मोजताही येतं.

टार्गेटवर प्रत्येक वलय २.५ मिमी रुंद. ६०५ म्हणजे सरासरी १०.०८, म्हणजे शॉट मध्यापासून सरासरी २.३ मिमी लांब पडतोय. हे २.३ दोन गोष्टींचं मिळून बनलंय: मुलीचं हलणं आणि पेलेट-बंदुकीची स्वतःची विखुरण. दोन स्वतंत्र चुका सरळ बेरजेत मिसळत नाहीत. काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू धरा, एकूण चूक म्हणजे कर्ण. समजा शिकंज्यात आवळलेली रायफल सरासरी अर्धा मिमी विखुरते. मग मुलीचा वाटा वर्गमूळात (२.३ चा वर्ग वजा ०.५ चा वर्ग), म्हणजे २.२५ च्या आसपास. पेलेट अगदी देवाने बनवलेलं मिळालं तरी सुधारणा फक्त ०.०५ मिमी. ६० शॉट्सना मिळून सव्वा-दीड गुण.

आता खराब पेलेट धरू, शिकंज्यात सरासरी १ मिमी विखुरणारे. ते बदलून आदर्श पेलेट आणले तर त्याच मुलीला पाच गुण मिळतात. म्हणजे खराब सोडून चांगले घेण्यात पाच गुणांची बाब आहे. चांगले घेऊन वर ते तोलण्यात एक-दीड गुणाची, तीही तोलणं अगदी अचूक असेल तर.

गंमत अशी की जो वर गेलाय त्याला पेलेट जास्त महाग पडतो. ६३३ मारणाऱ्याची सरासरी चूक १.१ मिमीच्या आसपास. त्याच्याकडून तोच अर्धा मिमी काढला तर त्याला जवळपास तीन गुण मिळतात. मोठी चूक कमी झाली की लहान चूक उघडी पडते. म्हणून ऑलिंपिकवाले पेलेटसाठी जीव टाकतात ते खुळे नाहीत, आणि आपण त्यांची नक्कल पहिल्या वर्षी करणं मात्र खुळेपणा आहे.

निवृत्त_सुभेदार

हे आम्हाला शिकवताना कोणी त्रिकोणाने सांगितलं नाही. मान्य.

रानभैरी

[प्रतिसाद अप्रकाशित]

व्यवस्थापक

सोलापूरजवळच्या नान्नजकडे ससे, काळवीट वगैरेंवर एअरगन "चालवून बघण्या"बद्दलचा प्रतिसाद काढून टाकला आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ लागू आहे आणि तिथे माळढोकचं अभयारण्य आहे. हा धागा कागदी टार्गेटबद्दल आहे. पुन्हा असं लिहिल्यास सदस्यत्व स्थगित.

लूमवाला_अक्कलकोटरोड

मी नेमबाज नाही, मी सूत तपासणारा. पण हा धागा वाचून हसू आवरेना, कारण तात्या म्हणतात ते ग्रेन आमच्या लॅबमध्ये रोज वापरात आहेत. सुताचा काउंट (ते किती बारीक आहे त्याचा आकडा) काढताना १२० यार्डांची लडी गुंडाळायची, ग्रेनमध्ये तोलायची, आणि १००० ला त्या वजनाने भागायचं. ५० ग्रेन भरली तर विसाचं सूत, २५ भरली तर चाळिसाचं. पौंडात ७००० ग्रेन आणि हँकमध्ये ८४० यार्ड, म्हणून तो हजार येतो. चादरीच्या गावात ग्रेनचा काटा अनोळखी नाही बघा.

आता मुद्दा. आम्ही एका लडीवरून कधी काउंट ठरवत नाही. सुताच्या वेगवेगळ्या कोनांवरून (शंकूसारख्या रिळांवरून) लड्या काढतो, सगळ्या तोलतो, सरासरी आणि सीव्ही टक्के (सरासरीच्या मानाने किती कमी-जास्त होतं ते) काढतो. सरासरी बरोबर पण सीव्ही जास्त, असं सूत आलं तर मालक परत पाठवतो, कारण लूमवर धागा तुटतो तो सरासरीने तुटत नाही, बारीक जागी तुटतो. पेलेटचं तेच. डब्यातले बहुतेक सारखे असून काय उपयोग, साठातले दोन वाकडे निघाले की मॅच गेली. मला विचाराल तर वजनाआधी स्कर्ट, म्हणजे पेलेटचा मागचा भाग, बघा. भिंगाखाली. मागची कड चेपलेली, डोक्यावर ओरखडा, तो पेलेट सरावात टाका.

आणि दुसरं, चाचणी करताना किती शॉट मारणार? तीन? पाच? आमच्यात तीन लड्यांवर निर्णय दिला तर सुपरवायझर लै शिव्या देईल.

चिकित्सक_चिंटू

लूमवाले, नेमका हाच प्रश्न. गटाचा आकार म्हणजे सर्वात लांबच्या दोन भोकांमधलं अंतर. समजा बंदुकीची विखुरण दोन्ही दिशांना सारखी आहे, मग ३ शॉट्सचा गट सिग्माच्या (एका दिशेतल्या विखुरणीच्या मापाच्या) सरासरीने २.४ पट येतो, ५ चा ३.१ पट, १० चा ३.८ पट. बंदूक तीच, पेलेट तोच, फक्त शॉट वाढवले की गट मोठा दिसतो. म्हणून "माझा तीनचा गट" आणि "तुझा दहाचा गट" ही तुलनाच होत नाही.

दुसरं, ५ शॉट्सच्या एका गटाचा सीव्ही सुमारे २७ टक्के असतो. म्हणजे एकाच डब्यातले पेलेट लागोपाठ मारले तरी एक गट ४ मिमीचा आणि पुढचा ६ चा पडू शकतो, काहीही न बदलता. अशात दोन डब्यांमध्ये वीस टक्के फरक दिसला म्हणून उड्या मारायच्या नाहीत. दहा-दहाचे गट, प्रत्येक मापाचे अनेक, आणि आलटून पालटून. सकाळी सगळे ४.४९ आणि दुपारी सगळे ४.५१ असं नको.

तात्या_ऑस्टिन

हे वाचून माझ्या वहीची निम्मी पानं फाडावीशी वाटतात. आमच्या क्लबमध्ये एक जण आहे, तीन गोळ्यांचा सर्वात चांगला गट पाकिटात घेऊन फिरतो. त्याला हे पाठवू?

कोकणातला_बाबू

अवांतर: आमच्या आजोबांकडे शेती संरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक होती. दारू वरून ओतायची, मग चिंधी, मग छर्रे, मग पुन्हा चिंधी, आणि गजाने ठासायचं. हाताने भरण्यात याच्यापुढे कोणी नाही. अचूकता विचारू नका. डुक्कर आवाजाने पळायचं, तेवढं काम व्हायचं.

रेंजची_ताई

दादा, चाचणी करणार असाल तर काही गोष्टी सांभाळा. मुलीच्या हातात रायफल देऊन पेलेट तपासू नका, मग मुलीचीच चाचणी होते. क्लबमध्ये शिकंजा असेल तर बघा, नाहीतर पुढे-मागे भक्कम सॅंडबॅग. सिलिंडर भरलेला हवा. आणि दस्त्याचे बोल्ट टॉर्क रेंचने आवळलेले आहेत ना ते आधी बघा. ढिला बोल्ट असला की सगळेच पेलेट वाईट वाटतात. पेलेटचं माप बदललं की पहिले काही शॉट मोजायचे नाहीत, बॅरलला नवीन शिसं बसू द्या.

तुमच्याकडे स्प्रिंगवाली, नळी मोडून भरायची रायफल तर नाही ना? तिच्यात पेलेटपेक्षा धरण्याचा फरक कितीतरी मोठा असतो. पेलेट नळीतून बाहेर पडायच्या आत आतला पिस्टन पुढे-मागे धक्का देऊन गेलेला असतो. तिला घट्ट आवळलं तर एक जागा, सैल धरलं तर दुसरी.

जुळे_सोलापूरकर

नाही, दाबलेल्या हवेची आहे, क्लबची, जुनी पण चांगली. सरांशी बोललो. ते हसले, पण शिकंजा वापरायला हो म्हणाले. पुण्याहून ४.४९ आणि ४.५१ चे डबे मागवलेत.

सोलापुरी_झळ

एक शंका. आपल्याकडे मे महिन्यात ४२-४३ अंश. याचा पेलेटवर, .२२ वर काही परिणाम? आमच्याकडे बंद शेडमध्ये रेंज आहे, वर पत्रा.

रेंजची_ताई

पेलेटवर फार नाही. .२२ वर आहे. दारू तापली की वेग वाढतो, आणि ५० मीटरवर वेगातला एक टक्का म्हणजे वर-खाली अडीच मिमीच्या आसपास, तिथल्या टार्गेटवर ०.३ गुण. त्यामुळे उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत पेटी ठेवून आणलेली काडतुसं आणि घरच्या सावलीतली काडतुसं एकाच मॅचमध्ये मिसळायची नाहीत. गोळीवर मेणासारखा थर असतो, तोही वितळून पुसला जातो. मी उन्हाळ्यात पेटी जाड कापडात गुंडाळून पिशवीत तळाशी ठेवते आणि मॅचमध्ये बाकावर उघडी ठेवत नाही.

एक गोष्ट मात्र उन्हाळ्यात आपल्या बाजूने आहे. मॅचचं .२२ मुद्दाम आवाजाच्या वेगाखाली ठेवलेलं असतं, ३२५-३३० मीटरच्या आसपास, कारण आवाजाच्या वेगाच्या अगदी जवळ गोळी अस्थिर होते. हवा तापली की आवाजाचा वेग वाढतो. १५ अंशांना ३४० मीटर, ४२ अंशांना ३५६. म्हणजे मेमध्ये मोकळीक जास्त. गड्डा यात्रेच्या वेळच्या थंड सकाळी ती कमी.

सोलापुरी_झळ

म्हणजे आपला उन्हाळा एकदाचा कशाला तरी उपयोगी पडला. वाचनखूण साठवली.

जुळे_सोलापूरकर

मंडळी, चाचणी झाली. रेंजवर मुलांची गर्दी संपल्यावर सरांच्या देखरेखीत केली. रायफल शिकंज्यात, दहा-दहाचे गट, तीन मापं आलटून पालटून, आणि चौथा प्रकार म्हणून क्लबमधल्या एका मिलिग्रॅमच्या काट्यावर तोलून निवडलेले ४.५०.

४.५१ उघड वाईट. प्रत्येक गट बाकीच्यांपेक्षा मोठा, एकदाही अपवाद नाही. ४.४९ आणि ४.५० मध्ये मला फरक सांगता येईना, कधी हा पुढे कधी तो. चांगल्या गटांत ४.५ मिमीच्या पेलेटने पाडलेलं एकच भोक दिसतं, कडा जरा कुरतडलेल्या. तोललेले आणि न तोललेले ४.५० शेजारी ठेवले, सरांना न सांगता ओळखायला लावले. त्यांनी उलटे सांगितले.

लूमवाल्यांच्या सांगण्यावरून भिंगही नेलं होतं. दोन डब्यांत मिळून स्कर्ट चेपलेले बरेच निघाले, बहुतेक तळाशी. ते बाजूला काढून त्यांचा वेगळा गट पाडला तर तो ४.५१ पेक्षाही वाईट. मला वाटतं डबा कुरियरमध्ये आपटत आला असावा. आता डबा आला की आधी भिंग.

मुलगी सगळं बघत बसली होती. तिचं मत: "मग मी हलते तेच खरं ना?" सर म्हणाले, हो.

निवृत्त_सुभेदार

मुलगी पुढे जाईल.

चिकित्सक_चिंटू

दादा, डोळे झाकून ओळखायला लावण्याची कल्पना भारी. एक विनंती, गटांचे फोटो टाकता का? सर्वात लांबचं अंतर मोजण्याऐवजी प्रत्येक भोकाचं मध्यापासूनचं अंतर मोजलं तर तेवढ्याच शॉट्समधून जास्त माहिती निघते. मी मोजून देतो.

तात्या_ऑस्टिन

आणि ४.४९ की ४.५० हे ठरवायला मरू नका. दोघांत फरक दिसत नाही म्हणजे जे सहज आणि सतत मिळेल ते घ्या. आम्ही इथे हाच निर्णय घ्यायला वर्षं लावतो आणि पोतंभर दारू जाळतो.

लूमवाला_अक्कलकोटरोड

कुरियरचा मुद्दा बरोबर. कोनसुद्धा तळाचेच दबतात. डब्यात वर फोमची चकती असते ना, ती टाकून देऊ नका, उघडल्यावर परत ठेवा. आणि डबा हलवत फिरू नका.

जुळे_सोलापूरकर

चिंटू, फोटो उद्या टाकतो. ताई, एक राहिलं. जिल्हा स्पर्धेआधी एकदम किती डबे घेऊन ठेवावेत?

रेंजची_ताई

एकाच बॅचचे, पुढच्या स्पर्धेपर्यंतचा मॅचचा आणि शेवटच्या काही आठवड्यांच्या सरावाचा हिशेब करून. डब्याच्या बुडाला बॅच नंबर असतो, तो वहीत लिहा, दुकानदाराला तोच मागा. बाकीचा सराव स्वस्त पेलेटवर चालेल. आणि शिसं आहे, सराव झाला की मुलीला साबणाने हात धुवायला लावा, मगच जेवणाचा डबा उघडू द्या. रेंजवर शेंगाचटणी-भाकरी खाणारी पोरं मी रोज ओरडून उठवते.